‘होय’ कोण म्हणाले?

२१ जुलै २००५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने मुंबई पोलिस कायद्याच्या दुरुस्तीचे एक विधेयक मंजूर केले. दोन दिवसांनी विधान परिषदेने ते मंजूर केले. १४ ऑगस्टला ते राजपत्रात छापून आले आणि ऐन स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर डान्सबारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या बायकांची रोजी बंद झाली. त्यांची संख्या सुमारे ७५,००० असल्याचे तेव्हा सांगितले जात होते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा आपल्या उपनगरांत हे बार होते, आणि त्यांत काम करणाऱ्या बायका आपल्याच आसपासच्या चाळींत आणि इमारतींत भाड्याने राहत होत्या.

१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे विधिमंडळाने जे केले ते करण्याचा त्याला अधिकारच नव्हता, हे देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने सांगितले. मैत्रिणींनो, माझा प्रश्न या निकालानंतरचा आहे. कायदा चुकीचा होता हे ठरले, मग तो करणाऱ्यांचे काय? त्यांच्यापैकी एकाला तरी कुणी जाब विचारला का?

मागे आमच्या मुलुंडच्या बैठकीला येणाऱ्या एका बाईने हाच प्रश्न फार साधेपणाने विचारला होता. बंदीच्या आधी ती बारमध्ये नाचत असे, नंतर घरोघरी स्वयंपाकाची कामे करू लागली. ती म्हणाली, “कोर्ट म्हणतं कायदा चुकला. मग माझी आठ वर्षं कुणाच्या नावावर मांडायची?” आमच्यात दोघी वकील होत्या. त्यांनाही चटकन उत्तर देता आले नाही.

आधी काय घडले ते नीट पाहू

२००५ च्या दुरुस्तीने पोलिस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही दोन कलमे घातली. पहिल्याने खाणावळी, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नाचावर सरसकट बंदी आणली. दुसऱ्याने नाट्यगृहे, सभागृहे, जिमखाने आणि तीन तारे व त्यावरची हॉटेले यांना सूट दिली. नाच तोच आणि दारूही तीच. फरक होता तो ग्राहकाच्या खिशाचा. सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवले. श्रीमंताने पाहिले तर करमणूक आणि गरिबाने पाहिले तर नीतिभ्रष्टता, हा भेद घटनेत बसत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. समानतेचे कलम १४ आणि व्यवसायस्वातंत्र्याचे कलम १९(१)(ग), अशा दोन्हींचा भंग ठरला. बंदीमुळे रोजगार गेलेल्या काही बायकांना नाइलाजाने वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, म्हणजे कायद्याचा परिणाम त्याच्या हेतूच्या नेमका उलटा झाला, हेही न्यायालयाने नोंदवले.

निकाल लागून बायकांना काम परत मिळाले असे मात्र झाले नाही. सरकारला अपील करता यावे म्हणून २००६ च्या निकालाला स्थगिती मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयात ती चालू राहिली. म्हणजे घटनाबाह्य ठरलेली बंदी प्रत्यक्षात आणखी सात वर्षे राहिली. २०१३ मध्ये निकाल कायम झाला, तर जून २०१४ मध्ये विधिमंडळाने तीच बंदी पुन्हा आणली. या वेळी बड्या हॉटेलांची सूट काढून टाकली, म्हणजे ‘भेदभाव’ या आक्षेपापुरती पळवाट काढली. व्यवसायस्वातंत्र्याचा आक्षेप होता तिथेच राहिला. विधेयक चर्चेविना एकमताने मंजूर झाले. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली.

तोवर सत्ता बदलली होती. २००५ आणि २०१४ चे कायदे काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने आणले होते आणि तेव्हा विरोधात बसलेल्या शिवसेना-भाजपने त्यांना साथ दिली होती. एप्रिल २०१६ मध्ये भाजप-शिवसेनेच्या सरकारने तिसरा कायदा आणला आणि आता विरोधात बसलेल्यांनी साथ दिली. या तिसऱ्या कायद्याच्या नावातच ‘महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण’ हे शब्द होते. त्यात बंदी नव्हती, परवाना होता. पण अटी अशा की परवाना मिळूच नये: शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर अंतर, आत सीसीटीव्ही, नाचाची जागा आणि दारूची जागा वेगळी. मुंबईत शाळा-देवळापासून एक किलोमीटर दूर अशी जागा कुठे सापडते, हे आपल्यापैकी कुणीही घाटकोपर स्टेशनच्या बाहेर उभे राहून सांगू शकेल. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या आणि अशा अनेक अटी रद्द केल्या.

चौदा वर्षांत तीन कायदे झाले आणि तिन्हींना न्यायालयाने रद्द केले, रोखले किंवा कापले. खटल्यांचा सरकारी खर्च तिजोरीतून गेला, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. सभागृहातल्या कुणाला मात्र एक पैशाचीही तोशीस पडली नाही.

आपल्यातलेच मतभेद

या बंदीबाबत स्त्रियांच्या चळवळीत एकमत नव्हते, हे सांगायलाच हवे. काही संघटना बंदीच्या बाजूने न्यायालयात उभ्या राहिल्या. अल्पवयीन मुली या धंद्यात ओढल्या जातात, बाई ही बघण्याची वस्तू होते, हे त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. दुसऱ्या बाजूला भारतीय बारगर्ल युनियन होती, ‘मजलिस’च्या फ्लेविया अ‍ॅग्नेस होत्या. फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन आणि एसएनडीटी विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास केंद्र यांनी ५० बारमधल्या ५०० बायकांशी बोलून पाहणी केली आणि ती न्यायालयापुढे गेली. यातल्या कित्येकजणी पिढ्यानपिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जातीजमातींतल्या होत्या आणि एकेकीच्या कमाईवर अख्खे घर चालत होते, हे त्यातून दिसले.

आणखी एक बाजू आपल्या वस्त्यांतली होती. नवऱ्याचा पगार बारमध्ये उधळला जातो म्हणून भांडुप-घाटकोपरच्या कितीतरी बायकांना ही बंदी मनापासून हवी होती. त्यांचे दुःख खरे होते. पण नवरा पैसे उधळतो याची शिक्षा दुसऱ्या बाईची रोजी काढून घेऊन द्यायची, हा न्याय कुठला? अश्लीलता, अल्पवयीन मुलींचे शोषण, जबरदस्ती यांविरुद्ध कायदे तेव्हाही होते. परवान्याच्या अटी होत्या. त्यांची अंमलबजावणी करायचे कष्ट नको होते, म्हणून बंदी सोयीची वाटली.

बंदी योग्य की अयोग्य यावर आजही आपण भांडू शकतो. मला इथे मांडायचा मुद्दा त्या भांडणाच्या पलीकडचा आहे. आज डान्सबार आहे, उद्या दुसरे काही असेल: काय घालावे, कुणाशी लग्न करावे, कुठे आणि किती वाजेपर्यंत काम करावे. बायकांच्या ‘प्रतिष्ठे’साठी कायदे करण्याचा उत्साह सभागृहांना नेहमीच असतो. असा कायदा घटनेविरुद्ध निघाला तर त्याची किंमत बायकांनी भरायची आणि तो करणाऱ्यांनी पुन्हा निवडून यायचे, हे किती दिवस चालणार?

आमदारांवर खटला भरावा का?

चिडून कुणीही म्हणेल की भरा खटला, करा दंड. तसे करता येत नाही. घटनेचे कलम १९४(२) सांगते की सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल आमदारावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. खासदारांसाठी हेच कलम १०५ मध्ये आहे. या संरक्षणाला मर्यादा आहेत. लाच घेऊन मत दिले तर हे कलम वाचवणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ मार्च २०२४ रोजी सांगितले. पण नुसते चुकीचे मत दिले म्हणून खटला नाही.

आणि माझे मत असे की तो नसावाच. याचे कारण आपल्या स्वतःच्या हिताचे आहे. बायकांच्या बाजूचा प्रत्येक कायदा न्यायालयात खेचला गेला आहे. ४९८-अ ला आव्हान दिले गेले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यालाही दिले गेले. त्या कायद्यात तक्रार फक्त ‘सज्ञान पुरुषा’विरुद्ध करता येत होती. ते दोन शब्द समानतेच्या तत्त्वात बसत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकले, आणि ते प्रकरण मुंबईतलेच होते. मग त्या कायद्याला मत देणाऱ्या खासदारांना दंड करायचा का? तसे झाले असते तर पुढचा कुठलाही कायदा करताना प्रत्येकाने आधी वकील गाठला असता आणि बायकांसाठी कुणी हात वर केला नसता. सभागृहात एकटी पडून विरोध करणाऱ्या आमदारबाईलाही हेच कलम १९४ वाचवते. ते हलवायचे नाही.

पण प्रामाणिक चूक आणि हेका यांत फरक आहे. २००५ चा कायदा चूक होती असे आपण उदारपणे म्हणू. २०१३ च्या निकालानंतर, न्यायालयाचे कारण समोर असताना, एका वर्षाच्या आत तोच कायदा चर्चेविना मंजूर करणे याला चूक कसे म्हणायचे? प्रत्येक आमदार सदस्यत्व घेताना घटनेशी श्रद्धा आणि निष्ठा राखण्याची शपथ घेतो. कलम १३ सांगते की मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याने करायचा नाही. तुरुंगात टाकण्याजोगा हा गुन्हा नसेल, पण शपथेचा भंग तर आहेच, आणि त्याचा हिशेब मागायला न्यायालय लागत नाही.

मतच लिहिलेले नाही

हिशेब मागायला निघालो की अडचण कळते. विधेयक बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होते. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणायचे, आणि अध्यक्षांनी आवाज ऐकून निर्णय द्यायचा. कुणी मतविभाजन मागितले तरच नावे मोजली आणि नोंदली जातात. एकमताने, आवाजाने मंजूर झालेल्या विधेयकाला कोण ‘होय’ म्हणाले, कोण गप्प बसले, कोण बाहेर चहा पीत होते, याची नावनिशीवार नोंद राहत नाही. सर्वांनी मिळून केले, म्हणजे कुणीच केले नाही!

आता आपल्या सोसायटीकडे बघा. मी मुलुंडच्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर सहा वर्षे काम केले. एम-२० चे बंधपत्र ज्या मैत्रिणींनी भरले असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ नुसार कमिटीने घेतलेल्या निर्णयांना सर्व सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. एखाद्या सदस्याला निर्णय मान्य नसेल तर त्याने आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवायचे, म्हणजे त्याच्यावर जबाबदारी येत नाही. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आणि पार्किंगचे पट्टे यांसाठी हा नियम! आणि तो केला कुणी? याच विधिमंडळाने.

बचत गटाचे रजिस्टरही असेच असते. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिले, हजर कोण, सही कुणाची. पाच हजारांचे कर्ज देताना घाटकोपरच्या टेकडीवरच्या बायका नावासकट लिहून ठेवतात. पाऊण लाख बायकांची रोजी काढून घेताना मात्र नुसत्या आवाजावर काम भागते.

खालच्यांना जबाबदार धरायची आपली पद्धत तर फारच पक्की आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली. गदारोळ झाल्यावर पोलिस अधिकारी निलंबित झाले. त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा आधार मिळाला होता ते २००८ मध्ये संसदेने मंजूर केले होते, आणि लोकसभेत ते गोंधळात, चर्चेविना पार पडले होते. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. कलम वापरणाऱ्याची नोकरी धोक्यात आली, कलम करणाऱ्यांना कुणी नोटीसही काढली नाही.

मग मागायचे काय?

माझ्या मते तीन गोष्टी मागता येतील. त्यांतल्या एकीनेही कलम १९४ ला धक्का लागत नाही. मताबद्दल खटला होणार नाही एवढेच ते कलम सांगते. मत लपवून ठेवण्याचा हक्क ते देत नाही.

पहिली मागणी, मूलभूत हक्कांवर बंधन आणणाऱ्या प्रत्येक विधेयकावर नाव नोंदवून मतदान व्हावे. घटनादुरुस्तीसाठी संसदेत विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मते मोजावीच लागतात. घटनेचे शब्द बदलताना मोजणी लागते, तर त्या शब्दांनी दिलेला हक्क कापताना का नको?

दुसरी मागणी, विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याने स्वतःच्या सहीने लेखी निवेदन द्यावे की हे विधेयक मूलभूत हक्कांशी सुसंगत आहे आणि का आहे. हे काही स्वप्नातले नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्याने मंत्र्याला असे निवेदन द्यावे लागते. सुसंगत आहे असे म्हणता येत नसेल तर तसे कबूल करून पुढे जावे लागते. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या कायद्यानुसार विधेयक हक्कांशी विसंगत दिसले तर अ‍ॅटर्नी जनरलने तसे सभागृहाला कळवायचे असते. सही करावी लागली की माणूस कागद वाचतो, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

तिसरी मागणी, न्यायालयाने रद्द केलेला कायदा पुन्हा आणायचा असेल तर आधीचा निकाल सभागृहासमोर ठेवून त्यावर चर्चा व्हावी आणि आक्षेप कसा दूर केला ते सांगावे. एवढे करूनही तो पुन्हा रद्द झाला तर त्या काळात ज्यांची रोजी गेली त्यांना राज्याने भरपाई द्यावी. मूलभूत हक्काचा भंग झाला तर राज्याला भरपाई द्यायला लावता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात, कोठडीतल्या मृत्यूबद्दल, स्पष्ट केले आहे. पोलिस कोठडीत राज्य जबाबदार ठरते, मग कायद्याच्या पुस्तकात का नाही? पैसा पुन्हा आपल्याच करातून जाईल, हे खरे. पण त्याची मागणी सभागृहात मांडावी लागेल आणि मांडताना कारण सांगावे लागेल. आज तेही सांगावे लागत नाही.

हे नियम सभागृह आपणहून करणार नाही. या चौदा वर्षांच्या इतिहासात सगळेच पक्ष एका बाजूला होते, त्यामुळे कुठल्या एका पक्षाकडून आशा धरण्यातही अर्थ नाही. म्हणून काम आपल्याकडे येते. प्रत्येक वस्तीतल्या, सोसायटीतल्या, गटातल्या बायकांनी एक वही घालावी. आपल्या भागाच्या आमदाराचे नाव वर लिहावे. बायकांच्या कामावर, कपड्यांवर, लग्नावर, बोलण्यावर बंधन घालणारे विधेयक आले की त्याला पत्र टाकावे: तुमचे मत काय, आणि मतविभाजन मागणार का? उत्तर आले तर चिकटवावे, नाही आले तर ‘उत्तर नाही’ असे तारखेसह लिहावे. मते मागायला उमेदवार दारात येतील तेव्हा ती वही दारातच उघडावी.

डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारवर धाड पडली तेव्हा आरशामागच्या छुप्या खोलीत १७ बायका सापडल्या. २०१९ च्या निकालाला तेव्हा जवळजवळ तीन वर्षे होत आली होती. जे काम उजेडात, नियमांखाली, हक्काने करता आले असते ते भिंतीआड गेले होते. त्या भिंतीआडच्या बायकांची मोजणी झाली, बातमी झाली. त्यांना तिथवर नेणाऱ्या कायद्यांना ‘होय’ म्हणणाऱ्यांचीही एकदा नावनिशीवार मोजणी झाली पाहिजे.